दिनविशेषातले योगायोग: खरे किती, ठरवलेले किती, फसवे किती

परळच्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. परिपाठातला दिनविशेष त्यांच्याकडे असतो. सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या यादीतून चार-पाच घटना निवडून त्या फळ्यावर लिहितात. १ ऑगस्टला सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, टिळक गेले त्याच दिवशी अण्णाभाऊ जन्मले? वर्षसुद्धा तेच? असं कसं?" बाईंना दोन गोष्टी हव्या आहेत: त्या मुलाला काय सांगायचं, आणि अशा याद्यांवर कितपत भिस्त ठेवायची. एका दैनिकात दिनविशेषाचं सदर मी बरीच वर्षं चालवलं, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

बाई, मुलाचा प्रश्न चांगला आहे आणि माहिती खरी आहे. १ ऑगस्ट १९२०, रविवार. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्यांनी देह ठेवला. त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ, जन्मले. यादीत सहसा नसलेली तिसरी गोष्टही त्याच दिवसाची आहे. गांधीजींची असहकाराची चळवळ १ ऑगस्ट १९२० लाच सुरू झाली.

आता ह्या तिन्ही घटना एकेक करून बघा. असहकाराची तारीख ठरवलेली होती, आधीच जाहीर झाली होती. टिळकांचं आजारपण कुणी ठरवलेलं नव्हतं, पण त्यामुळे चळवळीचा पहिला दिवस आणि गिरगाव चौपाटीवरचा तो अंत्यविधी एकमेकांत मिसळून गेले. गांधीजी त्या अंत्ययात्रेत होते. म्हणजे ह्या दोन घटनांची गाठ तारखेपुरती नाही, एकीची छाया दुसरीवर पडली आहे. आणि वाटेगावातल्या जन्माचा ह्या दोन्हींशी त्या दिवशी काडीचाही संबंध नव्हता. तो निव्वळ योगायोग. संबंध आपण नंतर लावतो, कारण तेच मूल मोठं होऊन मुंबईला आलं, गिरणगावात राबलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा शाहीर झालं.

मुलाला एवढंच सांगा: एका तारखेवर दोन घटना दिसल्या की विचारायचं, ही तारीख तिथे आली कशी? कुणी मुद्दाम निवडली? कचेरीच्या सोयीनं पडली? दिनदर्शिकेच्या घोळामुळे जुळल्यासारखी दिसते? की खरोखरच आपोआप जुळली? माझ्या अनुभवात याद्यांमधले निम्म्याहून जास्त "विलक्षण योगायोग" पहिल्या तीन प्रश्नांतच गळतात.

आणि जे आपोआप जुळतात त्यांचंही फार आश्चर्य करू नये. वर्षाचे दिवस ३६५, घटना हजारो. जुळणारच. वर्गात करून दाखवण्यासारखं गणित आहे: २३ माणसं एकत्र असली तर त्यांतल्या कुठल्याही दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी वर जाते. ४० मुलांच्या वर्गात ती ८९ टक्क्यांपर्यंत पोचते. हजेरीपट घेऊन बसा, बहुतेक सापडतीलच दोघं.

मात्र हाच प्रयोग मुलांच्या आजी-आजोबांवर करू नका. तिथे १ जून निघेल, आणि एकदा नव्हे, अनेकदा. जन्माची नोंद नसलेलं पोर शाळेत आणलं की मास्तर अंदाजानं वर्ष धरून १ जून टाकून द्यायचे, कारण शाळेचं वर्ष जूनपासून. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी कागदोपत्री त्या दिवशी जन्मली आहे. गंमत अशी की १ जूनला आपल्याकडे इतरही बरंच काही सुरू झालं: १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी, १९३० मध्ये मुंबई-पुणे डेक्कन क्वीन, १९४८ मध्ये नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी. यादी करणारा ह्याला "ऐतिहासिक दिवस" म्हणतो. मला त्यात महिन्याच्या पहिल्या तारखेला कारभार सुरू करायची माणसांची सवय दिसते. १ जानेवारी आणि १ एप्रिल ह्या तारखाही अशाच भरगच्च असतात. त्यांच्यावर मुलांना थक्क करायला जाऊ नये.

ठरवून निवडलेल्या तारखांमध्ये सगळ्यात शिकवण्यासारखी २६ जानेवारी. डिसेंबर १९२९ च्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळला गेला. पुढे सत्तांतर १५ ऑगस्टला झालं, मग ह्या जुन्या दिवसाचं काय करायचं? राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारून झाली होती. तिची काही कलमं तेव्हाच लागू झाली, पण पूर्ण अंमल दोन महिने थांबवून २६ जानेवारी १९५० ला आणला. इथे तारीख जुळली नाही, जुळवली. त्याच तारखेला १७८८ मध्ये इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीला उतरला आणि म्हणून तो ऑस्ट्रेलिया दिन आहे, ही माहिती मात्र निव्वळ शेजार आहे. २००१ चा भूजचा भूकंपही तसाच, सकाळी पावणेनऊच्या सुमाराला, झेंडावंदनाच्या वेळी.

१५ ऑगस्टची गोष्ट वेगळी. ती तारीख माउंटबॅटनची. ब्रिटिश सरकारनं जून १९४८ ची मुदत दिली होती, ह्या गृहस्थांनी ती अलीकडे ओढली आणि जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन धरला. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या सम्राटांनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली होती, आणि आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती तेव्हा माउंटबॅटनच होते. कोरियाचा मुक्तिदिनही १५ ऑगस्टच आहे, त्याचं कारणही तीच शरणागती. तेव्हा भारत आणि कोरिया यांचा एकच दिवस असणं हा योगायोग नाही, दोन्ही एकाच घटनेची पिल्लं आहेत.

पुढचा थर सुट्टीचा. एकदा १५ ऑगस्ट राष्ट्रीय सण झाला की लोक नव्या गोष्टी मुद्दाम त्या दिवशी सुरू करतात. १९७२ मध्ये टपालाचा पिनकोड, १९९५ मध्ये विदेश संचार निगमची सर्वसामान्यांसाठीची इंटरनेट सेवा, आणि १९७५ मध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात लागलेला 'शोले'. ह्या सगळ्याच्या मध्ये खरे योगायोग दडलेले असतात: योगी अरविंदांचा जन्म १८७२ चा, आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाईंचा मृत्यू १९४२ चा, म्हणजे स्वातंत्र्य पाच वर्षांवर असताना. आणि 'शोले' लागला त्याच दिवशी पहाटे ढाक्यात शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. यादीत ह्या दोन ओळी एकाखाली एक येतात. मी त्या कधीच एकत्र छापल्या नाहीत. नुसती तारीख जुळली म्हणून दोन गोष्टी मांडीला मांडी लावून बसवायच्या नसतात.

१ मे तुमच्या परळमध्ये सांगायला नको. १८८६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेतल्या, विशेषतः शिकागोच्या कामगारांनी संप केला, त्यावरून कामगार दिन. १९६० मध्ये त्याच दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं झाली. संयुक्त महाराष्ट्राची लढाई लढण्यात गिरणी कामगार पुढे होते, त्यामुळे ही जोडी आपल्याला फार शोभते. मुलांना आणखी एक सांगता येईल: नेमक्या त्याच दिवशी, १ मे १९६० ला, रशियानं अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं. शिवाजी पार्कावर राज्याचा सोहळा चालू होता त्या काळात जगात काय चाललं होतं, याचा अंदाज येतो. तारीख आणि वर्ष दोन्ही जुळत असतील तर अशी तुलना खरोखर उपयोगी पडते. नुसती तारीख जुळली तर फारसा अर्थ निघत नाही.

आता फसव्या तारखांकडे येतो. इथे फॉरवर्ड करणाऱ्यांची सगळ्यात जास्त घसरगुंडी होते.

दरवर्षी फिरणारा एक संदेश: "६ जून १६७४ ला शिवराज्याभिषेक, ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं." दोन्ही तारखा पुस्तकात तशाच छापलेल्या आहेत. तरी त्या एक नाहीत. राज्याभिषेकाची मूळ तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तिला ६ जून ही इंग्रजी तारीख मिळते ती त्या काळी इंग्रज वापरत असलेल्या जुन्या, ज्युलियन दिनदर्शिकेनुसार. सोहळ्याला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन गेला होता, आणि मुंबईच्या वखारीचे कागद त्याच पद्धतीनं लिहिले जायचे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं तो दिवस १६ जून येतो. चंद्रानं पडताळा घ्या. १६ जून धरला तरच त्रयोदशी जमते. नॉर्मंडीची तारीख आजच्या पद्धतीची. दोहोंमध्ये दहा दिवसांची फट.

हाच प्रकार १२ जानेवारीचा. त्या दिवशी आपण जिजाऊ जयंती आणि विवेकानंद जयंती जोडीनं साजरी करतो. जिजाऊंची तिथी पौष पौर्णिमा, शके १५१९, आणि १२ जानेवारी १५९८ हे तिचं ज्युलियन रूप. ग्रेगोरियननं २२ जानेवारी येते. विवेकानंदांची १२ जानेवारी १८६३ ही सरळ ग्रेगोरियन. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियन, आजच्या हिशेबानं १ मार्च. म्हणून कुणी १९ फेब्रुवारी चूक ठरवायला निघू नये. ती राज्य सरकारनं मान्य केलेली तारीख आहे आणि जुन्या कागदांशी सुसंगत आहे. फक्त तिची एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातल्या १९ फेब्रुवारीशी गाठ मारायची नाही.

मुंबईत बसून ह्या घोळाची मजा अधिक कळते. ग्रेगोरियन पद्धत पोपच्या आज्ञेनं १५८२ मध्ये आली आणि कॅथलिक पोर्तुगीजांनी ती लगेच उचलली. प्रोटेस्टंट इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच धरून बसले. त्यामुळे मुंबई इंग्रजांकडे आणि वसई पोर्तुगीजांकडे होती त्या काळात खाडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कागदावर एकाच दिवसाच्या दोन तारखा पडायच्या, सतराव्या शतकात दहा दिवसांचं अंतर, १७०० नंतर अकरा. मराठ्यांच्या दफ्तरात तिसरीच नोंद: तिथी, शक, वर पुन्हा सुहूर सन, ही अरबी वळणाची वर्षगणना. एकाच घटनेच्या तीन नोंदी समोर ठेवून अभ्यासक दिवस नक्की करतात, आणि आपल्याकडे येते फक्त शेवटची एक ओळ. १७५२ मध्ये इंग्रजांनी पद्धत बदलली तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या अकरा तारखा इंग्रजी राज्यात कधी आल्याच नाहीत. मुलांना हे फार आवडतं.

त्यात आणखी एक मेख. त्या जुन्या इंग्रजी पद्धतीत वर्ष २५ मार्चला बदलायचं. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, पण तेव्हाच्या इंग्रजी पत्रांत वर्ष १६६३ दिसतं. कुणी कच्चं वाचलं की स्वारी एक वर्ष मागे जाते. मुंबई बेट इंग्लंडच्या राजानं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिलं ती सनद २७ मार्च १६६८ ची, म्हणजे नवं वर्ष लागून जेमतेम दोन दिवस झाले होते. आणि २७ मार्च १९६८ ला, "बरोबर ३०० वर्षांनी", युरी गागारिन विमान अपघातात गेला, अशी जोडी मी एका यादीत पाहिली आहे. सनद आणि गागारिन यांचा संबंध तो यादीकारच जाणे, पण "बरोबर"सुद्धा दहा दिवसांनी चुकतं.

परदेशातलं प्रसिद्ध उदाहरण २३ एप्रिल १६१६. शेक्सपिअर आणि सर्व्हांटेस एकाच दिवशी गेले असं सांगतात, त्याच तारखेला जागतिक पुस्तक दिन असतो. इंग्लंड ज्युलियनवर, स्पेन ग्रेगोरियनवर. तारीख एक आणि दिवस दहाच्या अंतरानं. त्यात सर्व्हांटेस बहुधा २२ लाच गेला, २३ ला पुरला. पुस्तक दिन साजरा करा, पण ती गोष्ट सांगू नका.

फसवणूक तिथीच्या बाजूनंही होते. "पानिपतावर संक्रांत कोसळली" हे वाक्य प्रत्येक मराठी माणसाच्या कानावरून गेलेलं आहे. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, आणि ही तारीख ग्रेगोरियनच आहे. आपल्याला वाटतं, १४ जानेवारी म्हणजे मकर संक्रांत, म्हणजे अगदी सणाच्या दिवशी. पण संक्रांत ही ठाम १४ जानेवारीला कधीच नव्हती. आपलं सौर वर्ष नक्षत्रांवर मोजलेलं असल्यामुळे इंग्रजी वर्षापेक्षा किंचित लांब आहे, आणि संक्रांत सरासरी सत्तर वर्षांत एखादा दिवस पुढे सरकते. विवेकानंदांच्या जन्माच्या वेळी, १८६३ मध्ये, ती १२ जानेवारीला होती. आता ती १४ आणि १५ च्या मध्ये हिंदकळते. १७६१ मध्ये गणितानं ती १० जानेवारीच्या आसपास पडते. भाऊसाहेब लढाईला उभे राहिले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. वाक्प्रचार म्हणून तो ठेवा, त्यातलं दुःख खरं आहे. दिनविशेष म्हणून नको. १४ जानेवारीला फळ्यावर लिहायचंच असेल तर १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार लिहा, त्यासाठी माणसांनी फार सोसलं आहे.

घड्याळामुळे होणारे घोळ थोडक्यात सांगतो. चांद्रयान ईगल उतरलं ती तारीख अमेरिकी याद्यांत २० जुलै १९६९. आपल्याकडे तेव्हा २१ जुलैची रात्र होती, पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँगनं पाऊल टाकलं तेव्हा मुंबईत सकाळचे साडेआठ होत आले होते. टायटॅनिक हिमनगावर आदळली १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, बुडाली १५ च्या पहाटे. लिंकनला गोळी लागली १४ एप्रिल १८६५ ला, प्राण गेला १५ ला. "छोडो भारत"चा ठराव गवालिया टँकवर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मंजूर झाला, अटका ९ च्या पहाटे झाल्या आणि क्रांतिदिन म्हणून आपण ९ पाळतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त कशाची कुठली ते लिहायला हवं. आणि मुंबईला तर स्वतःचं घड्याळ होतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आली तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली "मुंबई वेळ" अनेक ठिकाणी पन्नाशीच्या दशकापर्यंत चालू राहिली. मध्यरात्रीच्या आसपासची जुनी नोंद असली की मी आधी विचारतो, कुठल्या घड्याळानं?

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या मुलांच्या आई-वडिलांनी भोगलेलं आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे हा आकडा खात्याच्या तक्त्यात २७ जुलैच्या साडेआठचा आहे. कुणी तक्ता पाहून "पाऊस २७ ला पडला" म्हणेल, तर त्याला पाण्यातून चालत घरी आलेला कुणीही खोटं पाडेल. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही भरला नव्हता, हेही सांगा. शहर एक, तारीख एक, दोन टोकांचे दोन दिवस. २६ जुलैलाच १९०२ मध्ये शाहू महाराजांचा करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखणारा हुकूम निघाला, आणि १९९९ चा कारगिल विजय दिवसही तोच.

मग फळ्यावर लिहायचं काय? मी मुंबईच्या मुलांसाठी यादी करत असतो तर चालत जाऊन बघता येतील अशा जागांच्या घटना आधी घेतल्या असत्या. परळच्या शाळेसाठी माझी पहिली पसंती १७ नोव्हेंबर. १८६९ मध्ये त्या दिवशी सुएझ कालवा उघडला. युरोपातून येणारी बोट आफ्रिकेला वळसा घालण्यातून सुटली आणि मुंबई हिंदुस्थानचं पश्चिमेकडचं दार झाली. पाठोपाठ गोद्या आल्या: ससून १८७५, प्रिन्सेस १८८०, व्हिक्टोरिया १८८८. मग १७ नोव्हेंबर १९२१. त्याच समुद्रमार्गानं इंग्लंडचा युवराज अपोलो बंदरावर उतरला. गेटवे तेव्हा पुरा झालेला नव्हता. शहरानं बहिष्कार घातला, आणि परळलाच, एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात, गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. त्याच दिवशी दंगल उसळली, ती थांबावी म्हणून गांधीजींनी उपोषण केलं. १९२८ मध्ये लाला लजपतराय ह्याच तारखेला गेले, २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे. तारीख आपोआप जुळली आहे, पण पहिल्या दोन घटना समुद्रमार्गानं एकमेकींना बांधलेल्या आहेत. पंधरा मिनिटांचा परिपाठ ह्या एका तारखेवर निघतो.

१४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असतेच. त्याच तारखेला, १९४४ मध्ये, व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि वर कापसाच्या गासड्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्यासाठी असतो. बहुतेक याद्यांत टायटॅनिक असते आणि हे नसतं, ह्याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

बाकी काही तारखा नुसत्या देतो, गोष्ट तुम्ही लावा. १२ मार्च: यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३, दांडीयात्रेचं प्रस्थान १९३०, मुंबईतले साखळी बॉम्बस्फोट १९९३. २३ जुलै: टिळकांचा जन्म १८५६, चंद्रशेखर आझादांचा १९०६, आणि १९२७ मध्ये मुंबई रेडिओ केंद्राचं उद्घाटन. २८ फेब्रुवारी: १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध, १९४८ मध्ये गेटवेतून शेवटची ब्रिटिश पलटण रवाना. २१ नोव्हेंबर: १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार, १९६३ मध्ये थुंब्याहून पहिलं अग्निबाण उड्डाण, १९७० मध्ये सी. व्ही. रामन यांचं निधन. ४ डिसेंबर: १९२४ मध्ये गेटवेचं उद्घाटन आणि १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्यामुळे नौदल दिन, त्याची सलामी गेटवेसमोरच होते. २६ नोव्हेंबरला संविधान दिन आणि २००८ चा हल्ला दोन्ही येतात. लहान मुलांसमोर उद्देशिका आधी वाचा.

२८ डिसेंबर मात्र सोडू नका, नाताळच्या सुट्टीमुळे ती नेहमी राहून जाते. १८८५ मध्ये गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ठरलं होतं पुण्याला, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईला आणलं. नेमक्या दहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८९५ ला, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चलच्चित्रं दाखवली, आणि सहा महिने उलटतात तोच, ७ जुलै १८९६ ला, तीच जादू काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात अवतरली. शिवाय १९३२ मध्ये धीरूभाई अंबानी आणि १९३७ मध्ये रतन टाटा जन्मले तेही ह्याच तारखेला. काँग्रेस जिथे जन्मली त्याच्याच शेजारच्या मैदानात ५७ वर्षांनी "छोडो भारत" झालं. मला विचाराल तर तारखांच्या जुळण्यापेक्षा हे जागेचं जुळणं अधिक बोलकं आहे.

तपासायचं कसं, हे शेवटचं. १७५२ च्या आधीची इंग्रजी तारीख दिसली की मराठी तिथी शोधा आणि दोन्ही लिहा. वर्तमानपत्राच्या कात्रणावर असते ती छापल्याची तारीख, घटना बहुधा आदल्या दिवसाची आणि जुन्या पत्रांत आठवडाभर आधीचीही. जन्मतारीख १ जून असेल तर चरित्र उघडून बघा. "बरोबर शंभर वर्षांनी" असे शब्द आले की दुप्पट सावध व्हा. आणि एका दिवसाच्या दहा ओळी लिहिण्यापेक्षा दोनच घ्या, पण त्या दोन घटनांना एकमेकींशी काही देणंघेणं आहे का, ते मुलांनाच विचारा. ६ जूनला शाळा बंद असतात, त्यामुळे राज्याभिषेक तुमच्या फळ्यावर येतच नसेल. १६ जूनला शाळा उघडलेल्या असतात. त्या दिवशी लिहा, खाली ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ घाला, आणि कुणी "बाई, तारीख चुकली" म्हणालं तर त्यालाच फळ्याजवळ बोलावून दहा दिवसांचं गणित करायला लावा.